आठव्या दिवसाची मासोळी

धूरमावशीचा हात आधी चालायचा, तोंड मागून. बोदलकसा तलावाच्या काठी मासोळ्या वाळवून विकणाऱ्या या बाईनं आपल्या नवऱ्याला जळतं लाकूड घेऊन गावाबाहेर पिटाळलं होतं. तो दारू पिऊन तिला मारायचा. त्या दिवसानंतर तो परत आला नाही.

मला तिची पहिली थप्पड बसली ती एम.एस्सी.च्या प्रकल्पाच्या दुसऱ्याच दिवशी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं, आणि मावशीनं अंगण दिलं नसतं तर तो प्रकल्प झालाच नसता. आरामशीनवर वाया जाणारा भुसा बंद पिंपात तापवायचा, धूर ओल्या पोत्यांनी गुंडाळलेल्या नळीतून थंड करायचा आणि टपकणारं तपकिरी पाणी जमवून त्यात बुडवलेली मासोळी वाळवायची. मी आणलेलं पोतं तिनं हुंगलं आणि माझ्या कानाखाली वाजवली. "हा प्लायचा भुसा होय, गोंदाचा! लोकायले मारशीन का वं?" चूक माझीच होती. पुढचा भुसा मी मोहा-बाभळीचा, स्वतः पाहून आणला.

मासोळीतलं तेल हवेनं खवट होतं. धुरातली द्रव्यं ते थोपवतात. त्या पाण्याचा थेंब पडताच प्रयोगशाळेतलं जांभळं द्रावण पिवळं पडलं, म्हणजे ती द्रव्यं पाण्यात उतरली होती, हे मी हरखून तिला सांगितलं.

"रंग नोको सांगू मले. आठव्या दिवशी वास येते का नाही, थे सांग."

तिचं सगळं त्या वासावरच अडलं होतं. तिसऱ्या दिवशी मासोळी खवटायची, म्हणून गावातला व्यापारी म्हणेल त्या भावात ती द्यावी लागे. आठवडाभर टिकली, तर मावशी तिरोड्याच्या आठवडी बाजारात स्वतः बसणार होती. हे व्यापाऱ्याला कळलं. एका दुपारी त्याची दोन माणसं सळया घेऊन आली. त्यांनी पिंप चेपलं, नळी तोडली. मावशीनं मासे कापायची विळी एकाच्या दंडात रुतवली. दुसऱ्यानं तिच्या उजव्या मनगटावर सळई हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"रडून काऊन राहिली?" मावशी माझ्यावरच ओरडली. "जाळीवरची मासोळी झाक पहिले!"

बाजाराच्या दिवशी ती प्लास्टरातला हात घेऊन तीच मासोळी विकायला बसली. मासोळीचा आठवा दिवस होता. व्यापारी मुद्दाम आला आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय मावशी, सडेल माल आणला का?"

लोक मागे सरले. मावशी उठली, डाव्या हातानं त्याची मान धरली आणि तोंड टोपल्यात दाबलं. "हुंग! वास येते का, सांग!"

तो धडपडला. काटे लागून त्याच्या नाकातून रक्त आलं.

"नाही येत."

"जोरानं बोल!"

"नाही येत!"

दुपारपर्यंत टोपलं रिकामं झालं.

मावशी मागच्या वर्षी गेली. मनगट शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. मी निकालाचे पेढे घेऊन गेले, तेव्हा तिनं डाव्या हातानं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. मी कळवळले, तशी म्हणाली, "उजवा धड असता, तं अखीन जोरात बसला असता."