नायरीने खरवडलेलं स्टिकर

नायरी पेटिग्रूच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ताइहापे गावामागच्या डोंगरात हे मेंढ्यांनाही माहीत होतं. वय एकोणसत्तर, उंची बेताची, आवाज मुळीच बेताचा नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून नऊशे मेंढ्या, तीन कुत्रे आणि छातीवर येणाऱ्या चढाचं ते रान ती एकटी सांभाळत होती. उरलेल्या वेळात शेजाऱ्यांची खबर घेत होती.

पलीकडच्या खोऱ्यातला क्लाइव बार्ट्रम हे तिचं आवडतं गिऱ्हाईक. आठ वर्षांपूर्वी त्याने नवी क्वाड घेतली. मोटरसायकलचं हँडल लावलेली ही चारचाकी इथे घरटी एक असतेच; तिच्याशिवाय डोंगरावरची मेंढी खाली येत नाही. पण क्लाइवने घेतली ती पॉवर स्टिअरिंगवाली, खोऱ्यातली पहिली. बिचाऱ्याने ती पबसमोर उभी केली आणि आयुष्यभराची चूक केली.

"क्लाइव, उशीपण मिळाली का रे हिच्याबरोबर?" नायरीने भर पबमध्ये विचारलं. "की ती वेगळी घ्यावी लागते?"

"वळायला हलकी आहे," क्लाइव म्हणाला. तो एवढंच बोलतो.

"हात आहेत मला. ते वळवतात."

पुढे त्याने रानातल्या फाटकांच्या जाड साखळ्या काढून नुसत्या ढोपराने ढकलल्या की उघडतील अशा कड्या बसवल्या. तेव्हा, "क्लाइवची फाटकंसुद्धा निवृत्त झाली," असं नायरीने जाहीर केलं, आणि ते वाक्य दोन वर्षं चाललं.

मग नायरीचे अंगठे गेले.

एकदम नाही गेले. आधी सकाळी कुरकुरायला लागले, मग दिवसभर. पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की हँडल उलटा फटका मारायचं आणि कळ थेट कोपरापर्यंत जायची. मागे गवताचे गठ्ठे असले आणि चढासाठी चारही चाकांना इंजिनचा जोर दिलेला असला, की वळणावर हँडल रेड्यासारखं अडून बसायचं. मग ती टेकाडाआड गाडी थांबवायची, हात काखेत दाबून धरायची आणि देवापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. मुरंब्याची बरणी उघडेना, तेव्हा तिने मुरंबा सोडला आणि साखर किती वाईट यावर लोकांना व्याख्यानं द्यायला लागली.

हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण डेल्विन. ही तिची एकुलती एक मुलगी, पामर्स्टन नॉर्थला शाळेत उपमुख्याध्यापिका, आणि घरी आली तरी शाळा सुटलेली नसायची. आदल्या नाताळात तिने आईला जेवणाच्या टेबलावर गाठलं होतं.

"आई, ज्या दिवशी तुला गाडी आवरणार नाही, त्या दिवशी रान भाड्याने द्यायचं आणि तू माझ्या गल्लीत राहायला यायचं. दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय."

"गल्लीत मेंढ्या चालतील?"

"आई. हो म्हण."

नायरीचं तोंड क्रीमने भरलेलं होतं. ती हो म्हणून गेली. तो दिवस येणारच नाही अशी तिची खात्री होती, म्हणून शब्द द्यायला काही वाटलं नाही.

ऐन हिवाळ्यात तिच्या जुन्या क्वाडचा गिअरबॉक्स फुटला आणि दुकान गाठावं लागलं. विकणारा डीऑन नावाचा तरुण, इतक्या स्वच्छ बुटांचा की नायरीचा त्याच्यावर पहिल्यापासूनच विश्वास बसला नाही. तरी ती निवडीत चोख होती. उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच गाडीला धरून ठेवतं का, ते बघितलं. ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून गाडी जाईल का, ते दोरी लावून मोजलं. उलटली तर अंगावर येऊ नये म्हणून मागे लोखंडी कमान हवी, हे ठणकावलं. मागच्या जाळीवर कुत्रीला बसवून बघितलं. फ्लो बसली आणि उतरेना, म्हणजे पास. शेवटी एकाच जातीच्या दोन हिरव्या गाड्या उरल्या. एक साधी, एक पॉवर स्टिअरिंगची.

"पंधराशे डॉलर जास्त आहेत हिला," डीऑन म्हणाला. "पण तुमच्या वयाला..."

"माझ्या वयाला काय?"

डीऑनने दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या पुढे केल्या.

दुकानामागे चढ होता आणि चढावर पाण्याने कापलेली एक घळ. साध्या गाडीवर ती वर गेली, चाक घळीत आपटलं, अंगठ्यात वीज चमकली. ती खाली आली, दुसरीवर बसली, मुद्दाम त्याच घळीत चाक घातलं. चाक आपटलं, गाडी हलली, हँडल मात्र हातात गप्प राहिलं. नायरी वर जाऊन थांबली. आठ वर्षं क्लाइव हे एवढंच सांगत होता. आपल्याला रडू येईल की काय अशी तिला भीती वाटली, म्हणून खाली येऊन तिने डीऑनला बुटांवरून झापलं.

"हीच दे. आणि ते टाकीवरचं स्टिकर काढ."

"ते कंपनीचं आहे, नायरी. त्याने गाडीची किंमत..."

"मग राहू दे. मी काढते."

पॉवर स्टिअरिंगची पांढरी अक्षरं होती, तळहाताएवढी. घरी तिने त्यांवर गरम पाणी ओतलं आणि मेंढीचे खूर तासायच्या चाकूने तासभर खरवडलं. अंगठे ठणकले, अक्षरं गेली, पण एक फिकट चट्टा राहिला. त्यावर ती रोज सकाळी ताजा चिखल थापू लागली. गाडीला नेमाने चिखल फासणारी त्या मुलखातली ती एकटीच बाई असेल.

वसंतात कोकरांच्या शेपट्या गळून पडाव्यात म्हणून त्यांना रबरी कडी चढवायचा दिवस आला. या कामाला शेजारी एकमेकांकडे जातात. यंदा शाळेला सुट्टी म्हणून डेल्विनही एप्रन बांधून हजर होती, आणि तिची नजर कोकरांपेक्षा आईवरच होती. नायरीने वरच्या डोंगरावरचा कळप नेहमीपेक्षा दीड तास लवकर खाली आणला.

"लवकर आलीस," डेल्विन म्हणाली.

"हात आहेत मला," नायरी म्हणाली, आणि लाजली नाही.

दुपारी कुंपणाची एक फळी निसटली आणि तीसेक मेंढ्या चढाकडे उधळल्या. क्लाइवची गाडी ट्रेलरमागे अडकलेली. सगळ्यांत जवळ नायरीची, आणि किल्ली इथे गाडीलाच असते. "क्लाइव, नको!" असं ती ओरडेपर्यंत तो फ्लोसकट अर्ध्या चढावर पोचला होता. पहिल्याच वळणावर तो क्षणभर थबकला. नायरीला ते खालून दिसलं. आपला निकाल लागला, हे तिला कळलं.

मेंढ्या आत आल्या. क्लाइव उतरला.

"काय रे," कोणीतरी विचारलं, "कशी आहे म्हातारीची बैलगाडी?"

क्लाइवने टाकीवरच्या चिखलाकडे बघितलं. मग नायरीकडे, तिने काखेत लपवलेल्या हातांकडे.

"रेडा आहे नुसता," तो म्हणाला. "खांदा निखळला माझा. ही रोज कशी चालवते कोण जाणे." आणि त्याने खांदा चोळला. आधी डावा, मग आठवण आल्यासारखा उजवासुद्धा.

सगळे हसले. डेल्विनचा चेहरा सैल पडला. "म्हणजे मी उगाचच काळजी करत होते," ती म्हणाली.

झालं होतं. आता नायरीने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. बाकी सगळं क्लाइवने करून दिलं होतं. पण आठ वर्षं ज्याची चामडी सोलली, त्याने आज तिच्यासाठी खोटं बोलावं, तेही इतकं वाईट, हे तिला सहन होईना.

"खोटं बोलतोय मेला!" ती कडाडली. "पॉवर स्टिअरिंग आहे तिला. स्टिकर मी खरवडलं. अंगठे गेलेत माझे, दोन वर्षं झाली. हसा आता."

कोणी हसलं नाही. डेल्विनने एप्रन सोडला, हेल्मेट घातलं आणि आईच्या गाडीवर बसून ती वरच्या रानाकडे निघून गेली.

अर्धा तास गेला. लोकांनी चहा ओतला, अंडं-बेकनची पाई कापली. नायरी वरच्या रानाकडे तोंड करून बसली. तिला भीती वाटत होती, नवरा गेला त्या आठवड्यात वाटली होती तशी. डोळ्यांसमोर ती डेल्विनच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्या बघत होती, त्यांच्या खिडकीतून दिसणारी दुसऱ्याची भिंत बघत होती.

डेल्विन परत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, केस विस्कटलेले. तिने आधी पाईचा तुकडा उचलला.

"घळीतून गेले, ओढ्यातून गेले. स्टिअरिंग चांगलं आहे, गाडी आवरेल तुला," ती म्हणाली. "ओढ्यावरच्या फाटकाची साखळी मात्र मलाच उघडेना. तू कशी उघडतेस?"

"दातांनी," नायरी खरं तेच बोलली.

डेल्विनने तिचे हात काखेतून काढून आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि परत दिले. "रानातल्या सातही फाटकांच्या साखळ्या बदलायच्या. शुक्रवारपर्यंत सुट्टी आहे मला. मी बसवून जाते."

"कसल्या कड्या बसवणार?"

"क्लाइवकडे आहेत तसल्या."

 नायरीने एकदा क्लाइवकडे बघितलं आणि ती म्हणाली, "बसव."

क्लाइवने शांतपणे पाईचा घास संपवला, मिशी पुसली.

"उशी मात्र वेगळी घ्यावी लागते, नायरी," तो म्हणाला.