गाळून पाठवलेला नाला

माझा आवाज मोठा आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "हळू बोलत जाय व माय, मारेगावच्या बाजारात ऐकू जाते." पुढे या आवाजानेच मला कुठे कुठे नेलं. भजनात पुढे मी, महिलादिनाच्या नाटुकल्यात खाष्ट सासू मी, आणि ग्रामपंचायतीने पाणी तपासणाऱ्या बायांची समिती काढली तेव्हा बोलायला कोणीच उठेना म्हणून तिथेही मीच.

समितीची गोष्ट सांगण्याआधी नाला सांगायला हवा. टेकड्यांकडून येतो, आमच्या शेतांना वळसा घालतो, मग वणीकडे जाणाऱ्या रस्त्याखालून निघतो आणि आमचं गाव व तांडा यांच्या मधून खाली जातो. अलीकडे आम्ही कापूस-तुरीवाले, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. रस्त्याच्या कडेला कोळशाचा डेपो झाला तेव्हापासून नाल्याचं वरचं अंग वेगळं आणि खालचं वेगळं. डेपोतले ढीग उन्हात पेटू नयेत म्हणून त्यांच्यावर टँकरने पाणी मारतात. ते पाणी कोळशाची भुकटी घेऊन उतरत उतरत नाल्यात येतं. खाली गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पोटरीवर काळा पट्टा उमटतो, मोजे घातल्यासारखा.

आम्ही अलीकडचे लोक यावर चरफडायचो आणि नळाचं पाणी प्यायचो. तांड्याचं दुखणं निराळं होतं. श्रावणात तिथल्या बिनलग्नाच्या पोरी तीज पेरतात. वारुळाची माती आणि शेणखत टोपल्यांत भरून त्यात गहू टाकायचे, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालायचं, आणि पिवळे-हिरवे अंकुर वीतभर वाढले की वाजतगाजत नेऊन वाहत्या पाण्यात सोडायचे. डेपो आल्यापासून ते वाहतं पाणी तीज सोडण्याजोगं उरलं नव्हतं. पोरी हातपंपाचं पाणी घालायच्या आणि तीज बुडवायच्या गुरांच्या हौदात.

तांड्याच्या नायकाची बायको, नायक गेल्यापासून एकटीच त्या घरचा कारभार बघणारी, तिला सगळा तांडा याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणते. या याडीच्या नातीचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यातली तारीख काही घरगुती कारणाने दिवाळीनंतर ढकललेली. म्हणजे येता श्रावण हा तिचा तिजेचा शेवटचा. एकदा लग्न झालं की बाई तीज पेरत नाही, कडेला उभी राहून बघते.

नातीने जाहीर केलं होतं, "हौदात नाही बुडवत मी. बैल तोंड घालते तिथं. नाला असन तर पेरते, नाही तर राहू द्या."

"ऐकलं का बाई," याडी मला म्हणाली, "सासरी जायच्या आधीच सासू झाली." हसत म्हणाली खरी, पण मग बराच वेळ नाल्याकडे बघत राहिली.

म्हणून समितीत तांड्याकडून कोण, असं विचारलं तेव्हा याडीने स्वतःचं नाव दिलं. मारेगावला प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या मॅडम फार नीटस होत्या. बाटली स्वच्छ हवी, हात स्वच्छ हवेत, झाकण स्वच्छ हवं, आतून बोट लावायचं नाही, असं त्यांनी किती वेळा सांगितलं देव जाणे. मी पुढच्या रांगेत बसून जोराने मान हलवत होते, कारण मला मान हलवायला आवडतं. याडी माझ्या शेजारी, ओढणीच्या आरशांवर खिडकीतलं ऊन घेऊन, एकाग्र चित्ताने ऐकत होती. काय ऐकत होती ते पुढे कळलं.

ठरलं असं: डेपोच्या वरचं पाणी मी भरायचं, कारण आमचं शेत तिकडे आहे. डेपोच्या खालचं याडीने भरायचं, कारण तांड्याचा घाट तिकडे आहे. दोन्ही बाटल्या सीलबंद करून तालुक्याच्या प्रयोगशाळेत. खालचं पाणी वाईट निघालं की डेपोला नोटीस. इतकी सोपी गोष्ट. चैत्रात आम्ही बाटल्या पाठवल्या आणि मी मनातल्या मनात ग्रामसभेतलं भाषण बसवायला घेतलं. हातवारे सुद्धा ठरवले होते.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ग्रामसेवकाने अहवाल वाचला. वरचं पाणी गढूळ, खालचं त्याहून पुष्कळ चांगलं.

डेपोचे मालक वणीहून मुद्दाम आले होते, पांढऱ्या कपड्यांत, वाईट वागणूक अपेक्षित असल्यासारखे अंग चोरून बसलेले. ते हळूहळू खुर्चीत पसरले.

"देखो भाऊ," ते म्हणाले, "मी तर म्हणत होतो. माझ्या डेपोतून जाऊन पाणी साफ होऊन राह्यलं. मले बिल मागाले पाहिजे तुमच्याकडून."

लोक हसले. मीही हसले, वाक्य चांगलं होतं. मग ते माझ्याकडे वळून नम्रपणे म्हणाले, "ताई, वरतं तुमचंच शेत आहे ना?" तेव्हा मात्र माझं तोंड, ज्याच्या भरवशावर मला समितीत घेतलं होतं, ते उघडंच राहिलं. याडी बायांच्या घोळक्यात बसली होती. तिच्याकडे पाहिलं तर तीही चक्रावलेली. नात दाराशी उभी होती, ती निघून गेली.

आमच्याकडे सगळे म्हणाले, डेपोच्या शेठने प्रयोगशाळेत कोणाला तरी गाठलं असणार. मलाही तेच वाटलं, कारण त्यात नाट्य होतं. पुन्हा पाणी पाठवायचं ठरलं आणि या वेळी मी म्हटलं, खालची बाटली भरताना मी हजर राहणार. कोणी बदलाबदली करत असेल तर कुठून करतो ते पाहू.

सकाळी तांड्याच्या घाटावर गेले. याडी आधीच येऊन बसली होती. शेजारी घासून लखलखीत केलेला पाण्याचा पितळी गुंड, पांढऱ्या धोतराचा चौघडी तुकडा आणि तुरटीचा खडा. मला वाटलं, घरचं पाणी भरायला आणलं असेल. तिने नाल्यातून गुंड भरला. दुसऱ्या भांड्याच्या तोंडावर धोतराचा तुकडा ताणून बांधला आणि पाणी सावकाश ओतलं. मग तुरटी आत धरून गोल गोल फिरवू लागली. तोंडाने पुटपुट चालू होती.

"याडी, हे काय करून राह्यल्या?"

"पाणी भरून राह्यली."

"कायचं?"

"तुह्या बाटलीचं. थांब, बसू दे जरा खाली."

"मागच्या टायमाले पण असंच भरलं होतं?"

"मंग?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "त्या मॅडमनं काय सांगितलं होतं? सोच्छ, सोच्छ, सोच्छ. आन् परक्या माणसापाशी जाऊन राह्यलं पाणी. साहेबाच्या टेबलावर ठेवतीन, उजेडात धरून पाहतीन. तिथं काय आपलं काळं पाणी पाठवाचं? नायकाच्या घरचं पाणी आहे म्हणतीन लोक."

मला हसू फुटलं. मला एकदा हसू आलं की ते आवाजाच्याच मापाचं असतं. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाया थांबून बघू लागल्या.

"हासून राह्यली काहून?" याडी रागावली.

मी सांगितलं. तिची बाटली वाईट निघायला हवी होती, म्हणजे आपण जिंकलो असतो. तिने ती इतकी चांगली करून पाठवली की डेपोवाला जिंकला. तुरटी फिरवणारा हात थांबला. तिने खडा काठावर ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे पोरीची तीज म्याच बुडवली. हौदात."

माझं हसू तिथेच विरलं.

त्या वेळी मी तिला काहीतरी समजुतीचं बोलले असेन, पण घरी येताना बांधावरून चालता चालता जे मनात आलं ते अजून गेलेलं नाही. घाण डेपोची. पण ती वाहत आली याडीच्या दारात, आणि दारात आलेली घाण घरच्या बाईची होते. पाहुणा यायच्या आधी अंगण झाडावं तसं तिने नालाही झाडून काढला. आणि ती एकटीच कुठे? आमच्याकडे पोरगी पाहायला पाहुणे आले की आम्ही त्यांना नाल्याच्या वाटेने आणत नाही, लांबच्या रस्त्याने फिरवून आणतो. नातेवाइकांनी विचारलं, नाला कसा आहे, तर म्हणतो, आहे बरा. इतकी वर्षं आम्ही सगळेच नाला गाळून पाठवत होतो. तक्रार करायची म्हणजे आधी आपलं काळं पाणी कोणाला तरी दाखवायचं, आणि ते कोणाकडून होत नव्हतं.

बाटली मात्र त्या दिवशी पुन्हा भरली, जशीच्या तशी. भरताना याडीने तोंड फिरवलं, अंघोळ करणाऱ्या माणसाकडे पाहू नये तसं.

अहवाल यायच्या आधीच पुढची सभा लागली. मी उठले. भाषण तयार होतं, त्यात आता विनोदही होता आणि करुणाही होती, आणि कुठे थांबायचं हे मी आरशासमोर ठरवलं होतं. "गावकऱ्यांनो," एवढंच म्हणाले असेन, तोच बायांमधून याडी उठली. कमरेतून तिने तो धोतराचा तुकडा काढला आणि टेबलावर पसरला.

तुकडा मधोमध काळा होता, ताटाएवढा गोल. घड्यांच्या रेषांवर काळ्याचे थर.

"हे नायकाचं धोतर आहे," ती म्हणाली. "दोन खेपा मी नाल्याचं पाणी यातून गाळलं. पहिली खेप गाळून तालुक्याले पाठवली, म्हणून पाणी सोच्छ निघालं. चूक माही आहे. घाण मी इथं ठेवून घेतली होती. घ्या, पाहा. साबण लावला, रिठा लावला, जात नाही."

कोणी हसलं नाही. शेठ उठून आले, तुकड्याला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला आणि तो तसाच परत ठेवला. पांढरा होता.

"याडी," ते म्हणाले, "कोळसा माहाच आहे. पण मी एक विचारतो. घाटाच्या अलीकडं फवारणीचे पंप कोण धुते? तो फेस काई माह्या डेपोचा नाही."

यावर आमच्या बाजूचे सगळे पुरुष आपापल्या चपला न्याहाळू लागले. माझे यजमानही त्यांत होते. त्यांच्या चपलेत पाहण्यासारखं काहीही नव्हतं, कारण मीच ती आणलेली आहे.

पण त्या प्रश्नाने सभा वाचली, असं मला वाटतं. दोन्हीकडे काही तरी काळं निघाल्यावर भांडणाला जोर राहिला नाही आणि कामाचं बोलणं सुरू झालं. नाल्याकडे उतरणाऱ्या पाण्याला अडवायला शेठने आपल्या जेसीबीने डेपोच्या कडेने एकापाठोपाठ खड्डे खणून दिले, म्हणजे भुकटी त्यांतच बसेल. शेवटच्या खड्ड्याच्या तोंडाशी काय करायचं यावर बरीच चर्चा झाली, आणि तिथे याडीचंच तंत्र चाललं: मोठे दगड, मग गिट्टी, मग रेती. दोन्ही काठांच्या लोकांनी श्रमदान केलं. गावभर म्हणू लागले, नाल्याले फडकं बांधलं. पंप धुवायला शेताकडेला वेगळा खड्डा काढला. तिथे सगळे जातातच असं मी म्हणणार नाही. कोणी घाटावर पंप घेऊन दिसला की मी अलीकडच्या काठावरून हाक मारते, आणि मारेगावपर्यंत त्याचं नाव होतं.

जशाच्या तशा भरलेल्या त्या बाटलीचा अहवालही आला. जसा यायला हवा होता तसाच, वाईट. आयुष्यात नापास झाल्याचा कागद मी इतक्या आनंदाने कधी वाचला नव्हता.

श्रावण आला. पाऊस झाला होता, नाला भरून वाहत होता. पण उन्हाळ्यात बांधलेलं पावसात टिकलं का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. नातीने तीज पेरली होती, कुठे बुडवणार ते न बोलता. पहिले दिवस हातपंपाचंच पाणी घातलं. शेवटच्या दिवशी मी समितीची बाटली घेऊन तांड्यात गेले. पोरी टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या, गाणं चालू होतं, आणि वाट जिथे फुटते तिथे गाणं थांबलं. डावीकडे हौद, उजवीकडे घाट.

"बाई, तुही बाटली काय म्हंते?" नातीने मला विचारलं.

"माह्या बाटलीचं उत्तर तालुक्याहून येते. हप्ता तरी लागन."

"हप्त्यानं गहू पिवळे पडतीन."

याडी उजवीकडे वळली. घाटावर उकिडवी बसली, गुंड भरला, आणि कमरेतून धोतराचा नवा तुकडा काढला, त्याच धोतराचा. भांड्याच्या तोंडावर ताणून बांधला, पाणी ओतलं. पोरी टोपल्या सावरत मागे उभ्या. तिने तुकडा सोडला, दोन हातांत धरून उन्हाकडे केला, नाकाशी नेला, मग चिमटीत घेऊन चोळला.

तुकडा स्वच्छ नव्हता. त्यावर तांबूस-करडा डाग होता, आणि कडेला काळ्याची एक बारीक रेघ, लक्ष देऊन पाहिलं तर दिसेल इतकी.

"याडी?" नात म्हणाली.

"माती आहे," याडी म्हणाली. "आपल्या वावराची. मातीत पेरलं, मातीत गेलं तं काय होते. जाय."

नात आधी उतरली. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. टोपली पाण्यावर टेकवली तशी माती सुटली, अंकुर एका बाजूला कलले आणि प्रवाहाला लागले. ती उभी राहून बघत होती. वर आली तेव्हा मी तिच्या पोटऱ्यांकडे पाहिलं, याडीनेही पाहिलं. ओल्या होत्या, बाकी काही नाही.

मग मी माझी बाटली भरायला वाकले. याडीने ती माझ्या हातून घेतली. धारेत धरून जशीच्या तशी भरली, गढूळ, काडीकचऱ्यासकट. तुरटीला हात लावला नाही. झाकण घट्ट बसवलं. आणि माझ्याकडे द्यायच्या आधी ओढणीच्या टोकाने बाटली बाहेरून लख्ख पुसून काढली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"बाहेरून आहे," ती म्हणाली. "तेवढं करू दे मले."