सोडून द्यायचे प्रश्न

माझ्यात आत्मविश्वास कमी आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. जरा जास्तच आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यात आमची आई सगळ्यांत पुढे. त्यामुळे एमबीएची प्रवेशपरीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा आपल्याला जमेल का, असला प्रश्न मला पडला नाही. चांगल्या कॉलेजात जायचं आणि पूर्ण वेळ शिकायचं, एवढं पक्कं होतं. नोकरी करता करता अभ्यासाला वेळ कुठून काढायचा तेवढं बघायचं होतं, ते मी बघितलं. सकाळी अभ्यासिका, मग दिवसभर दुकान आणि सुट्टीच्या दिवशी सराव परीक्षा.

आम्ही अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहतो. अभ्यासिका घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर. तिथे बहुतेक सगळे बँकेच्या नाहीतर पोलीस भरतीच्या तयारीला बसलेले. एमबीएवाली मी एकटीच, त्यामुळे माझ्या पुस्तकाकडे सगळे जरा संशयाने बघायचे. पण आमच्या वस्तीत मुलगी शिकतेय म्हटल्यावर कुणी आडवं येत नाही. उलट रस्त्यात भेटलेला प्रत्येक काका आणि प्रत्येक मावशी ‘कुठपर्यंत आलं?’ विचारते, जसं काही मी घर बांधायला काढलंय.

दुकान उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये होतं. कपडे शिवणाऱ्यांना लागतं ते सगळं सामान आमच्याकडे मिळायचं: बटणं, चेन, इलॅस्टिक, लेस, अस्तर. मालक सिंधी, त्यांना सगळे सेठ म्हणत, मीही म्हणायचे. बी.कॉम. झाल्याबरोबर मी तिथे बिलं करायला लागले आणि हळूहळू काउंटर, मग खरेदी, मग सेठ बाहेर गेले की सगळंच माझ्याकडे आलं. बारा डझनांच्या ग्रोसचा हिशेब मी गिऱ्हाईकाने कॅल्क्युलेटर काढायच्या आत तोंडावर सांगायचे. मला ते काम मनापासून आवडायचं, हे इथेच सांगून टाकते.

त्या बाजारात गिऱ्हाईकाला पार्टी म्हणतात. आणि आमच्या दुकानाचा एकच नियम होता, पार्टीला ‘नाही’ म्हणायचं नाही. कुणी कापडाचा तुकडा घेऊन आला, याच रंगाची चेन पाहिजे म्हणाला आणि तो रंग आमच्याकडे नसला, तरी आपण म्हणायचं, “आहे ना. बसा, गोडाऊनमधून मागवते.” मग चहा यायचा. आमचं गोडाऊन म्हणजे दुकानाच्या वरचा पोटमाळा, त्यात उंदीर धरून सगळं मावायचं. खरं गोडाऊन म्हणजे आजूबाजूच्या चार गल्ल्या. चहा संपायच्या आत कुठल्या ना कुठल्या दुकानातून तो रंग निघायचाच. “माल कहीं ना कहीं तो है,” सेठ म्हणायचे. “हमको सिर्फ पार्टी को बिठाना है.”

हे बसवणं मी इतकं छान शिकले की उठलेली माणसं मी परत बसवायचे.

आता परीक्षेचं. गणित माझं चांगलं, आकडे आणि तक्त्यांचे प्रश्न तर घरचेच, इंग्रजी ठीकठाक. तरी सराव परीक्षांमध्ये माझे गुण वर सरकेनात. एकदा जेमतेम, एकदा त्याहून वाईट. मी अभ्यास वाढवला, तर गुण आणखी खाली गेले. पहिल्यांदा मला राग आला तो पेपर काढणाऱ्यांचा.

अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एक दादा बसायचा. एमआयडीसीत पाळीवर कामाला होता, बऱ्याच परीक्षा देऊन झालेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात कुठे घाई नसायची. एका सकाळी मी निकालाचा स्क्रीन बघत बडबडत होते, तेव्हा त्याने वाकून बघितलं.

“ताई, तुम्ही एकपण प्रश्न सोडला नाहीये.”

“मग? सोडवायलाच बसलेय ना?”

“जो येत नाही तो पण सोडवलाय. इथे चुकला की मार्क कापतात. सोडून दिला तर काहीच होत नाही.”

“मला माहितीये ते.”

“माहीत आहे, पण करत नाही तुम्ही,” तो म्हणाला आणि परत आपल्या पुस्तकात गेला.

नाकाला मिरच्या झोंबल्या. पण घरी येऊन मी जुने सगळे पेपर काढून बघितले आणि तो म्हणत होता तसंच होतं. प्रश्न आला की मी त्याला धरून बसायचे. येत नसला तर इकडून बघ, तिकडून बघ, काहीतरी निघेल, उत्तर कुठे ना कुठे तर आहे. वेळ जायचा, शेवटी अंदाजाने एक पर्याय दाबायचा आणि गुण कापून घ्यायचे. तोपर्यंत मला येणारे सोपे प्रश्न मागे खोळंबलेले असायचे. मी परीक्षेत दुकान चालवत होते. एकाही प्रश्नाला मी उठून जाऊ देत नव्हते.

खूप हसू आलं मला आणि मग हसू थांबलं, कारण सवय अंगात मुरली होती. ती नुसती कळून जाणार नव्हती.

मी तिच्यासाठी वेगळा अभ्यास काढला. सुट्टीच्या दिवशी पेपर उघडायचा आणि एकही प्रश्न सोडवायचा नाही. नुसतं वाचायचं आणि ठरवायचं, हा घ्यायचा, हा सोडायचा. सोडायचा म्हटला की परत त्याच्याकडे बघायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण मला सुरुवातीला अक्षरशः हात आवरावे लागायचे. अर्धवट टाकलेला प्रश्न दिवसभर डोक्यात घुटमळायचा. रिक्षात बसल्यावर त्याचं उत्तर सुचायचं आणि त्या उत्तराचा आता काही उपयोग नसायचा. हळूहळू ते घुटमळणं कमी झालं आणि गुण वर यायला लागले. दादाला मी पेढे दिले नाहीत, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं हे त्याच्या तोंडावर सांगितलं. माझ्यासारखीसाठी ते पेढ्यांपेक्षा महाग असतं.

याच सुमाराला सेठनी बदलापूरची गोष्ट काढली. तिकडे नव्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, घरोघरी शिवणकाम करणाऱ्या बायका वाढल्या होत्या आणि सेठना तिथे दुसरं दुकान टाकायचं होतं. एका नव्या इमारतीखालचा गाळा त्यांनी बघून ठेवला होता.

“तू संभालेगी,” ते म्हणाले. “नौकरी नहीं, पार्टनर. मैं उधर आएगा भी नहीं.”

मी पगारी माणूस, आणि सेठ मला भागीदार करायला निघाले होते. त्या बाजारात घरच्या लोकांनासुद्धा हे सहज मिळत नाही. मी परीक्षा देतेय हे त्यांना माहीत होतं, पण पास झाले तर दुकान सोडून जाणार आहे हे मी नीट सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं की मुलगी हुशार आहे, करतेय काहीतरी रविवारचा कोर्स. मी त्यांना म्हटलं, “हो सेठ, करूया ना. परीक्षा होऊ द्या, मग बघू.”

तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटलं. परीक्षेत जमलं तर कॉलेज, नाही जमलं तर बदलापूर. दोन्ही माझ्या हातात.

परीक्षेचा दिवस उजाडला. सेंटर लांबच्या एका कॉलेजात होतं. मी आत गेले, खुर्चीत बसले आणि मला छान वाटलं, ते मी लपवणार नाही. पहिला भाग ठरवल्याप्रमाणे गेला. दुसऱ्या भागात तक्त्यांचे प्रश्न होते आणि त्यातला एक संच उघडला तर समोर चक्क कपड्यांचा ठोक व्यापारी. त्याची दुकानं, त्याचा साठा, कुठून कुठे माल गेला, किती परत आला. म्हणजे माझंच रोजचं काम. अख्ख्या हॉलमध्ये हा प्रश्न माझ्याइतका कुणाचा असेल? मी दोन-तीन ओळी सोडवल्यासुद्धा. मग लक्षात आलं की हा ओळखीचा आहे, पण सोपा नाही. लांबलचक आहे, अटी एकमेकींत अडकलेल्या आहेत आणि हा सगळा वेळ खाऊन टाकेल. मला तो सोडवायचा होता.  मी तो सोडून दिला आणि पुढच्या अनोळखी संचाकडे गेले. तो सुटला, त्याच्या पुढचाही सुटला.

बाहेर पडले तेव्हा पेपर चांगला गेला होता. घरी येऊन आईला सांगितलं, निकाल काय तो लागेल, पण मी माझं काम केलंय.

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “बरं झालं. आता सेठना सांगितलंस?”

“निकाल लागू दे ना. नाही जमलं तर बदलापूर आहे.”

“त्यांना माहितीये का, ते ‘नाही जमलं तर’ आहेत म्हणून?”

मी तिच्यापुढची भाजी ओढून निवडायला घेतली.

“अगं, तो माणूस गाळ्याचं टोकन द्यायला निघालाय. तुझ्या भरवशावर. आणि तू त्याला चहा पाजून बसवून ठेवलायस. काय हे भिजत घोंगडं?”

आई आमच्या दुकानात एकदाच, पडद्याचं अस्तर घ्यायला आली होती. तेव्हा मीच तिला गोडाऊनमधून मागवते म्हणून बसवलं होतं, हे तिच्या चांगलंच लक्षात होतं.

निकाल लागला नव्हता. समजा आत्ताच सेठना नाही म्हटलं आणि मग नापास झाले, तर कॉलेजही नाही आणि भागीदारीही नाही, असं होणार होतं. बाजारातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं, आत्ता हो म्हण, मग बघ. मलाही पटत होतं ते. पण मला एमबीएलाच जायचं होतं, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. बदलापूर फक्त हातचं म्हणून मला सोडवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. सेठ गल्ल्यावर बसून बिल्डरला फोन लावायच्या तयारीत होते. मी म्हटलं, “सेठ, बदलापूरचं मला जमणार नाही.”

त्यांनी फोन खाली ठेवला. “रिझल्ट आ गया?”

“नाही.”

“फेल हो गई तो?”

“तर परत देईन. पण बदलापूरला नाही बसणार मी. तुम्ही माझ्या भरवशावर टोकन देऊ नका.”

 समोरच्या दुकानातला माणूस लेसचे रीळ लावत होता, त्याच्याकडे सेठ बघत राहिले. मला वाटलं ओरडतील आणि ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

“चार साल में तूने किसी को ना नहीं बोला,” ते म्हणाले. “पहिला मैं निकला.”

मला रडू आलं. दुकानात मी त्याआधी कधी रडले नव्हते, त्यामुळे सेठच घाबरले आणि त्यांनी चहा मागवला. चहा पिता पिता मी म्हटलं, भाभींना बसवा बदलापूरला, मी शिकवते. भाभी म्हणजे त्यांची सून. ‘वो?’ म्हणून सेठनी हात झटकला. पण दुसऱ्या आठवड्यात भाभी काउंटरवर माझ्या शेजारी उभ्या होत्या, आणि शिकायला माझ्यापेक्षा तेज निघाल्या. टोकन दिलं गेलं.

निकाल चांगला लागला. मुलाखती झाल्या आणि मला हव्या होत्या त्यांतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. वस्तीतल्या काकांना आणि मावशींना आता विचारायला काही उरलं नाही, तर ते ‘पुढे काय?’ विचारायला लागले.

दुकानातल्या माझ्या शेवटच्या दिवशी जीन्सच्या कारखान्याचे एक मालक, आमची जुनी पार्टी, माल घ्यायला आले. मी सगळ्यांचा निरोप घेतेय हे बघून त्यांनी सेठना विचारलं, “मॅडम कुठे चालल्या? दुसरीकडे लागल्या का?”

सेठ बिल करत होते. मान वर न करता म्हणाले, “पढ़ने जा रही है. एमबीए. हमने भेजा है.”

मला कुणीही पाठवलं नव्हतं. सकाळी उठून अभ्यासिकेत मी गेले होते, पेपर मी दिला होता आणि याच माणसासमोर उभं राहून, हातात काही नसताना, नाही म्हणाले होते. एरवी मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली असती. त्या दिवशी मी नुसती मान हलवली आणि म्हणाले, “हो, सेठनीच पाठवलंय.”