शेवटच्या पानावर दादा काय बोलला

पहिलंच सांगतो, भूतबित मी मानत नाय. मीरा रोड स्टेशनच्या बाहेर शेअर रिक्षा चालवतो. आमच्या स्टँडवर भूत आलं तर त्याला पण विचारू, एकटाच आहेस ना, मग पुढं बस. शिक्षण तिसरी. तिसरी पण पुरी नाय, मास्तर कंटाळायच्या आधी मीच कंटाळलो. हे पण मी बोलतोय आणि मोबाईल लिहितोय. चूक दिसली तर मोबाईलची, बरं दिसलं तर माझं.

राहायला पेणकरपाड्यात. पहिल्या मजल्यावर खोली… मी, बायको आणि माझा मोठा भाऊ, दादा. आईबाप लवकर गेले, दादानेच मला वाढवलं. सगळं आयुष्य मिठागरात काढलं, लग्न केलं नाय. नंतर शुगर झाली आणि डोळे गेले. दिवसभर खाटेवर बसून असायचा आणि मला टोमणे मारायचा. त्याचं तेवढंच काम होतं आणि ते तो मन लावून करायचा.

झालं असं की एक पॅसेंजर घर खाली करत होता, परदेशात चाललेला. त्याने एक खोका मला दिला, बोलला, "काका, रद्दीत टाका." मी उघडून बघितला तर चित्रांची पुस्तकं. जाडजूड, चकचकीत कागद, सगळं इंग्लिश. मला वाटलं लहान पोरांची असतील. जेवता जेवता पहिलं पान उघडलं तर एका माणसाचं अर्धं तोंड सोललेलं… आतले दात दिसतायत. कालवण माशाचं होतं. तसंच राहिलं.

सगळी पुस्तकं तसलीच. जग बुडालेलं, बिल्डिंगा मोडलेल्या, आभाळ लाल, रस्त्यावर डोळे नसलेली माणसं. पण चित्रं अशी काढलेली की टाकवेना. मग मी दुपारी गाडी लावून घरी आलो की दादाला त्यातल्या गोष्टी सांगायला लागलो. इंग्लिश येत नाय, म्हणून चित्र बघायचो आणि डायलॉग माझ्या मनाचे. राक्षस यायचा, तोंडातून किडे पडतायत, आणि विचारायचा, "वहिनी माहेरी गेली, डबा आहे का एखादा?"

दादा पोट धरून हसायचा. बोलायचा, "बाळ्या, तुज्या गोष्टीत जग बुडतं तरी लोकं जेवायलाच बसतात."

"मग काय उपाशी बुडू?"

त्या दुपारी चांगल्या होत्या. आता कळतंय.

एकदा असंच एक पान आलं. म्हातारी दाराला पाठ लावून उभी, बाहेर ती बिनडोळ्यांची गर्दी. मी दादाला चित्र सांगितलं आणि बोललो, "म्हातारी बोलते, दूध नको आज, उद्या या."

दादा हसला नाय. बोलला, "न्हाय. ती बोलते, दार उघडू नको. त्यांना आपली नावं ठावं हायत."

"तुला काय माहीत?"

"ऐकू येतं ना. तुजी बडबड मधी येते म्हनून कमी येतं."

मला वाटलं माझी खेचतोय. पण तो ज्या आवाजात बोलला ना… तो आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. दमलेल्या बाईसारखा वाटला.

खाली तळमजल्यावर जिग्नाभाभी राहतात, गुजराती, पोरांच्या ट्यूशन घेतात. पुस्तक घेऊन गेलो. बोललो, "भाभी, ये बुढ्ढी क्या बोलती है?"

त्यांनी चष्मा लावला, नाक मुरडलं. "छी भैया, क्या गंदा पढ़ते हो. लिखा है… दरवाज़ा मत खोलो. उनको हमारे नाम मालूम हैं."

मी जिन्यातच बसलो. दादाचं इंग्लिश म्हणजे 'टायम' आणि 'लायसन'. भाभी कधी वर आल्या नाय. बायकोला त्या पुस्तकांची शिसारी, ती खोक्याला हात लावायची नाय. मग दादाला सांगितलं कोणी?

नंतर मी मुद्दाम वेगवेगळी पानं घेऊन गेलो. दादा वर जे बोलायचा, तेच भाभी खाली वाचायच्या. शब्द थोडे इकडेतिकडे, पण अर्थ तोच. एका ठिकाणी तर दादा नुसता "पाणी" बोलला आणि त्या पानावर एकच शब्द होता, तोच.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी काय केलं, ते सांगतो. मी स्टँडवर जाऊन फुशारकी मारली. दोघंजण दुपारी बघायला आले, गाद्या सरकवून पुढ्यात बसले. मी पुस्तक उघडून बोललो, "बोल दादा, हा काय बोलतो?" दादाने भिंतीकडं तोंड फिरवलं. ते गेल्यावर बोलला, "मी काय माकड हाय?"

"अरे, लोकांना खोटं वाटतं."

"वाटू दे. तू तुजी गोष्ट सांग ना पयल्यासारखी. ती डब्यावाली."

"ती काय, माझ्या मनाची आहे. तुझी खरी आहे."

"मना तुजीच बरी वाटते रं."

मी ऐकलं नाय. मला नाद लागला होता. जोक बंद, नुसतं "हा काय बोलतो, ती काय बोलते" सुरू. चित्र सांगायचं, दादाच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि वाक्य पडलं की पुस्तक घेऊन खाली पळायचं. तो काय पण बोलला तरी मला पुस्तकातलंच वाटायचं. एकदा "भूक लागली" बोलला तर मी ते पान पण भाभीला दाखवून आलो. भाभी बोलल्या, "भैया, आदमी को खाना दो पहले." आम्ही दोघं हसलो त्याच्यावर.

खोक्यात एकच पुस्तक राहिलं. काळंपांढरं, सगळ्यात जाड. त्यात सगळं जग संपलेलं आणि दोनच माणसं चाललेली, एक म्हातारा, एक जवान. त्यातलं बोलणं तोंडाजवळच्या फुग्यात नव्हतं, चित्रातच खरडलेलं… मला अक्षर कुठलं आणि रेघ कुठली, कळायचं नाय. सगळीकडे पांढरी जमीन. मी बोललो, "बर्फ आहे."

दादाने पानावर हात ठेवला. "मीठ हाय," बोलला.

पुढं वाचलं तर… म्हणजे भाभींनी वाचलं तर… समुद्र आटलेला होता आणि खाली मीठच होतं.

शेवटच्या पानाला आलो ती दुपार. बायको कामावर. दादा सकाळपासून जेवला नव्हता, चहा पण अर्धा ठेवलेला. मी बोललो, "शेवट आहे आज. बघ हां. म्हातारा मिठावर खाली बसलाय. जवान पुढं चाललाय, पाठमोरा. म्हातारा त्याच्याकडं बघतोय. काय बोलतो तो?"

दादा हळूच बोलला, "आज जाऊ नको. बस जरा जवळ. मना भ्या वाटतं."

मी मांडीवर थाप मारली. "क्या बात है. शेवटाला शोभतं." आणि पुस्तक उचलून पळालो. मागून त्याने हाक मारली बहुतेक. जिन्यात मला वाटलं, आल्यावर बघू.

भाभींनी पान बघितलं, मागचं बघितलं, परत बघितलं. "इसमें कुछ लिखा नहीं है."

"नीट बघा ना भाभी. इथं बारीक आहे."

"ये लिखा हुआ नहीं है, ज़मीन फटी हुई है. लास्ट के सब पेज ऐसे ही हैं. सिर्फ़ चित्र."

आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, दादा फेल गेला. वैताग आला. पुस्तक भाभीच्या चपलांच्या स्टँडवर ठेवलं आणि वर न जाता तसाच गाडी काढून स्टेशनला गेलो. संध्याकाळी पॅसेंजर भरलेले असताना बायकोचा फोन. दादा खाटेखाली पडलेला, तोंड वाकडं, उजवी बाजू गेलेली.

हॉस्पिटलात बाहेर बाकड्यावर बसलो, चहाचा ग्लास हातात, आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पुस्तकात लिहिलेलंच नव्हतं. मग ते 'आज जाऊ नको' बोलत कोण होतं.

दादा वाचला. घरी आहे. वाचा गेली. डॉक्टर बोलले, थोडी येईल, कदाचित नाय पण येणार.

पुस्तकातलं त्याला कुठनं ऐकू यायचं, मला आजपर्यंत कळलेलं नाय. तुमच्यात शिकलेले लोक आहेत, तुम्ही डोकं लावा. कोणी बोललं, लहानपणी कुठं ऐकलं असेल. कोणी बोललं, तूच आधी भाभीकडून ऐकून विसरला असशील. असेल. खरं सांगतो, मला आता त्यात मजा पण नाय आणि भीती पण नाय. खोका पण मी खाली ठेवून आलो, पुस्तकं भाभीने कधीच दिली भंगारवाल्याला.

मी दुपारी गाडी लावतो, वर येतो, खाटेला टेकून बसतो. आधी त्याला डब्यावाल्या राक्षसाची गोष्ट सांगतो, पुस्तकाशिवाय. मग विचारतो, "दादा, त्या दिवशी भ्या कशाचं वाटत होतं रं?"

तो मान माझ्या बाजूला वळवतो. ओठ हलवतो, घशातून आवाज काढतो, बराच वेळ काढतो… सांगत असतो तो, नक्की सांगत असतो. मी कान त्याच्या तोंडाला लावून बसतो, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नाय.