गिऱ्हाईक कोड नेसत नाही

अक्का कुणाला माफ करत नसे, आणि हे ती लपवतही नसे. "राग लोणच्यासारखा ग," म्हणायची. "ताजा खाल्ला तर दात आंबतात. मुरू द्यावा."

तिचा राग एकाच माणसावर मुरत होता, धाकट्या दिरावर. नवरा वारल्यावर ती आमच्या कानडी शहराच्या दाजीबानपेठेतल्या घरच्या साड्यांच्या दुकानात बसायला गेली, तेव्हा दिरानं नोकरांदेखत सुनावलं, "वहिनी, मालातलं तुम्हाला काय कळतं? घरी बसा." वर्षभरात अक्कानं भाड्याचा गाळा घेतला, तोही मुद्दाम त्याच्या दुकानासमोर. "उठता-बसता मी दिसायला हवी त्यांना."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी गोकुळ रोडवरच्या कारखान्यांना कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून द्यायची. अक्कानं एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि मला, धाकट्या बहिणीला, बोलावलं. इंटरनेट नव्हतं; मालाची सगळी माहिती त्या एका पेटीत. मी प्रत्येक साडीला कोड दिला. कोड टाकला की साडी कुठल्या फळीवर आहे ते दिसे. मला फार हुशारी वाटली होती.

"गिऱ्हाईक कोड नेसतं काय ग?" अक्का म्हणाली. "साकू, पूस ते."

खरंच होतं. बायका येऊन म्हणत, "पंचमीला माझ्या जावेनं नेली तसली, बदनेकाई रंगाची, काठाला रुद्राक्ष." म्हणजे वांगी रंगाची. अक्कानं प्रत्येक साडीपुढं, बायका बोलतात तशीच, कानडी-मराठी मिसळलेली ओळ टाइप करून घेतली. त्यातला कुठलाही शब्द टाकला की साडी सापडली पाहिजे, हा हुकूम. आधी मी प्रोग्रामला सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचायला लावल्या. वाचून होईतो गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. अक्का माझ्याकडे अशी बघायची, जणू मी दिराला सामील आहे. शेवटी मी प्रत्येक शब्द वेगळा काढून त्याच्यापुढं साड्यांचे नंबर मांडून ठेवले, पुस्तकाच्या मागं सूची असते तसे. 'बदनेकाई' आणि 'रुद्राक्ष' टाकलं, की दोन्ही शब्द असलेल्याच साड्या पडद्यावर हजर. पहिल्यांदा हे चाललं तेव्हा अक्का समोरच्या दुकानाकडे बघून हसली. चांगलं नव्हतं ते हसू. मला आवडलं.

पुढं दिराच्या मुलीचं लग्न ठरलं. वरमाईनं अक्काच्या दुकानात एक साडी पाहिली होती; तीच हवी म्हणून ती अडून बसली. दिरानं बायकोला पाठवलं. अक्कानं तिला चहा पाजून परत धाडलं, "मालकांना येऊ दे." आले. दुकान बायकांनी भरलेलं.

"हेळ्री भावोजी, सांगा, कसली साडी?"

"ती... चांगल्यातली."

"मशीनला असं कळत नाही. रंग सांगा."

"लालसर."

"मिरचीसारखा, डाळिंबासारखा की कुंकवासारखा?"

भावोजी जन्मभर किमतीच्या चिठ्ठीवरून साडी ओळखत आलेले. फळ्यांवर चिठ्ठ्या शोधू लागले. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"बरं, काठ?"

"वहिनी, मालातलं तुम्हालाच जास्त कळतं. द्या ना काढून."

"मोठ्यानं. मागच्या बायकांना ऐकू आलं नाही."

त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. अक्कानं कॉम्प्युटरला हातही न लावता गल्ल्याखालून साडी काढून दिली. बायको येऊन गेली त्याच दिवशी तिनं ती बाजूला ठेवली होती.

"झालं समाधान?" उठताना त्यांनी विचारलं.

"नाही," अक्का म्हणाली. "पण बरं वाटलं."

अक्का गेली तेव्हाही ती दोघं बोलत नव्हती. तेराव्याच्या पंगतीत भावोजी शेजारच्याला सांगत होते, "वहिनींना धंद्यात मीच तयार केलं हो. नाहीतर त्यांना कुठलं मालातलं कळायला?"

मी पानावरचा हात मागं घेतला. "भावोजी," मी पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुमच्या वहिनींना शेवटी नेसवलेली साडी कुठल्या रंगाची होती?"

वाढणारे थांबले. मला घाई नव्हती.