रंगभूषेचं पहिलं बक्षीस

परभणीत सध्या भयएकांकिकांचं पेव फुटलंय. कोणत्याही कॉलेजच्या गॅदरिंगला जा, तीनपैकी दोन एकांकिका भुताच्या. दार कुरकुरल्याचा आवाज मोबाइलवरून लावतात, अंधार करतात, आणि समोर बसलेली पोरं भूत यायच्या आधीच किंचाळायला लागतात. मी एका शाळेत लिपिक आहे. नाटकाशी माझा आता काही संबंध नाही. तरी कुणीतरी माझं नाव सांगतं आणि दरवर्षी दोन-चार पोरं येऊन विचारतात, मॅडम, लोकांना नेमकी भीती कशाने वाटते?

मी त्यांना चहा पाजते आणि सांगते की लोकांना भीती हवीच असते, फक्त ती अर्ध्या तासाची पाहिजे आणि घरी बरोबर यायला नको. दिवे लागले की शेजारच्याला कोपर मारून ‘तूच जास्त घाबरलास’ म्हणता आलं पाहिजे. सिनेमातलं भूत पडद्यावर असतं. नाटकातलं भूत वीस फुटांवर खरोखरचा श्वास घेत असतं, म्हणून त्याची मजा जास्त. आणि एकांकिका छोटी असते, त्यामुळे भुताची सवय व्हायच्या आत ती संपते. पोरं वहीत लिहून घेतात आणि जातात. यापुढचं मी त्यांना सांगत नाही, कारण मग त्यांचा चहा गार होतो.

नववीत असताना माझ्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका आला. कोड. आईने बावचीचं तेल लावून मला दोन उन्हाळे अंगणात बसवलं, दही-चिंच बंद केली. डाग हटले नाहीत. उरलेली कातडी तेवढी काळी पडली आणि डाग आणखी उठून दिसायला लागले. बारावीपर्यंत दोन्ही डोळ्यांभोवती, तोंडाभोवती आणि डाव्या गालावर पांढरं झालं होतं. आम्ही पिंगळीला राहायचो. तिथून मी पॅसेंजरने परभणीला कॉलेजला जायची. उन्हापायी सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ बांधायच्या, त्यामुळे माझी सोय झाली होती. बाकीच्या पोरी वर्गात आल्यावर स्कार्फ सोडायच्या, मी नाही सोडायची.

आम्हाला मराठी शिकवणारे सर नाटकंही बसवायचे. वर्गात मी उतारा वाचत होते तेव्हा त्यांनी मला मधेच थांबवलं आणि तास संपल्यावर स्टाफरूममध्ये बोलावलं. एक भयएकांकिका होती. नवं लग्न झालेलं जोडपं भाड्याची खोली घेतं. स्वयंपाकघरात एक बाई पाठमोरी बसून भाकरी थापत असते. ती घरमालकीण असेल असं त्यांना वाटतं. ती बोलते, चौकशी करते, पण वळत नाही. पंचवीस मिनिटं. शेवटी नवऱ्याच्या लक्षात येतं की परातीत पीठच नाही, आणि दिवे जातात. ते पाठमोऱ्या बाईचं काम सरांनी मला दिलं. मला किती आनंद झाला ते सांगून कुणाला खरं वाटणार नाही. तोंड न दाखवता नाटकात काम करायला मिळणार होतं.

आई आधी नाहीच म्हणाली. मग तिने विचारलं, “तोंड दिसतं का त्याच्यात?”

“नाही. सगळा वेळ पाठच.”

“मग कर. एकदा तोंड दिसलं की सोयरिकीत तेच निघतंय बघ.”

ते काम मी जीव ओतून केलं. आई चुलीपुढे भाकरी थापायची तेव्हा तिच्या मागे बसून मी महिनाभर तिची पाठ बघितली. ती रागात असली की तिचे खांदे वर चढायचे आणि हात सावकाश पडायचा. खुशीत असली की कोपरं मोकळी सुटायची. मी ते सगळं उचललं. नाटकातला नवरा बायकोशी खोटं बोलला की माझे हात थांबायचे. नुसते थांबायचे, बाकी काही नाही. मग परत थप, थप. हे संहितेत नव्हतं, माझं होतं. पहिल्यांदा तालमीत केलं तेव्हा नवऱ्याचं काम करणारा पोरगा पुढचं वाक्यच विसरला. सर म्हणाले, “लय भारी. ठेव हे.”

मग पेडगावला आमच्या कॉलेजचं श्रमसंस्कार शिबिर झालं. दिवसभर झाडांना आळी करायची आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम, तसं शाळेच्या पटांगणात आमचं नाटक ठेवलं. सगळं ठरल्यासारखं झालं, फक्त शेवटी दिवे घालवणाऱ्या पोराची तार निघाली नाही. शेवटच्या वाक्याला मी सवयीने डोळे मिटायची, त्यामुळे मला वाटलं अंधार झालाय. मी उठले, पदर सावरला आणि वळले. समोर दिवा चालूच होता. पुढच्या रांगेतल्या लेकरांनी टाहो फोडला. एक बाई आपलं लेकरू उचलून पळाली ती थेट रस्त्यापर्यंत.

नाटक संपल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ आली. तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, घाबरली नाही. म्हणाली, “माय, तू वळायच्या आधीच मला भेव वाटायलं होतं. तुजे हात थांबले की माजा जीव थांबायलता.” मला अभिनयासाठी मिळालेलं खरं बक्षीस तेवढंच. पण सरांनी म्हातारीचं काही ऐकलं नव्हतं. त्यांनी त्या लेकरांचा टाहो ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “शेवट बदलायलोत आपण. तू वळायचं. खालून मोबाइलचा टॉर्च.”

मी स्कार्फची गाठ आवळली.

“हे बघ, वाईट वाटून घेऊ नको. नटाला त्याचं शरीर हेच हत्यार असतंय. तुला देवानं जे दिलंय तेच वापरायलोत. यंदाच्या एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस तुझंच समज.”

मी हो म्हणाले. सरांनी काही माझ्यावर जबरदस्ती केली नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. मला ते बक्षीस हवं होतं. माझ्या घरात, गल्लीत, वर्गात कुणीही मला कोडाच्या आधी दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्या प्रमाणपत्रावर माझं नाव आणि त्यापुढे ‘अभिनय’ एवढं लिहून यावं, म्हणजे मला सांगायला काहीतरी दुसरं होईल, असं वाटत होतं. आईला मी शेवट बदलल्याचं सांगितलं नाही.

स्पर्धा परभणीतच होती, दुपारची. आमची रंगभूषा करणारा पोरगा पोखर्णीचा, पुजाऱ्याच्या घरातला. देवाला शेंदूर लावायची सवय असलेला हात, त्यामुळे अगदी हलका. बाकीच्यांना रंगवून झाल्यावर तो माझ्यापुढे स्टूल घेऊन बसला, डबी उघडली, परत बंद केली. “तुला काय लावू मी?” त्याने विचारलं. मी म्हणाले, काही नको. त्याने उगाच माझ्या मानेवरची पावडर पुसली आणि उठला.

मी पडद्यामागे बसले तेव्हा फटीतून आई तिसऱ्या रांगेत आलेली दिसली. मांडीवर माझा डबा होता. शेवटाचं तिला सांगायला उठणार होते, पण तिसरी घंटा झाली होती.

त्या दिवशी माझी पाठ जशी बोलली तशी पुन्हा कधी बोलली नाही. हात थांबले की सगळं सभागृह थांबायचं. मला दिसत काही नव्हतं, पण ती शांतता मानेला कळायची. त्यासाठी माणसं अशा नाटकांना येतात, असं माझं तेव्हाचं आणि आजचंही मत आहे. किंचाळणं नंतरचं. त्याच्या आधीची ती शांतता, पाचशे माणसं एकाच बाईच्या हाताकडे बघतायत आणि कुणी खोकतही नाही, ती खरी. मग मी वळले. खालून टॉर्च लागला. जी किंकाळी उठली ती अजून कानात आहे. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. रस्त्यात लोक मला बघून तोंड फिरवायचे, इथे बघून किंचाळून टाळ्या वाजवत होते, एवढा तरी फरक होता. सगळे उभे राहिले. आई तेवढी बसून होती, डब्याच्या झाकणाकडे बघत.

बक्षिसं जाहीर झाली. अभिनयाचं पहिलं सेलूच्या एका मुलीला. दुसरं आमच्या नाटकातल्या नवऱ्याला. माझं नाव उत्तेजनार्थमध्येही नाही. मग माईकवर आलं, “रंगभूषा, प्रथम. पाठमोऱ्या बाईच्या चेहऱ्यासाठी विशेष उल्लेख.” आणि आमच्या कॉलेजचं नाव.

पोखर्णीचा पोरगा जागचा हलेना. त्याचं तोंड उतरलं होतं. सर ओठांतल्या ओठांत म्हणाले, “उठ की. बोलू नका कुणी काही. हे गुण सांघिकमध्ये धरतेत.” तो गेला, मान खाली घालून चषक घेतला, परत आला आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. “हे तुझंच हाय,” म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण इतक्या वर्षांत मला सर्वांत जास्त राग कुणाच्या वाक्याचा आला असेल तर त्या वाक्याचा. मी चषक खुर्चीखाली सरकवला.

समारंभ संपल्यावर परीक्षकांपैकी एक जण, मोठ्या शहरातून आलेले, स्वतःहून आमच्याकडे आले. मी अजून नाटकाच्याच लुगड्यात होते. त्यांनी चष्मा वर करून माझा चेहरा जवळून बघितला. इतक्या जवळून डॉक्टर सोडून कुणी बघितला नव्हता.

“काय काम आहे! कडा बघा, किती खऱ्या वाटतात. काय वापरलंत?”

पोखर्णीचा पोरगा खाली बघायला लागला. सर छताकडे. मी म्हणाले, “तांदळाची पिठी, झिंक पावडर आणि खोबरेल तेल, सर.”

का म्हणाले? सरांची अब्रू वाचवायला म्हणाले असं मी पुढे खूप दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. एका माणसाला वाटत होतं की हे सगळं पुसलं जातं आणि खाली एक साधी पोरगी आहे. ते त्याला अजून थोडा वेळ वाटू द्यावं म्हणून मी म्हणाले.

“रंगभूषा सोडा,” ते म्हणाले, “मी तुमची पाठ बघत होतो. नवरा खोटं बोलतो तेव्हा हात थांबवता ना? कुणी सांगितलं?”

“कुणी नाही सर. मीच.”

“अभिनयात तुमच्यासाठी मी भांडलो, पण बाकीचे म्हणाले, पंचवीस मिनिटं चेहराच दिसत नाही तर अभिनय कसला. असो. मी तीन भयएकांकिकांचा एक प्रयोग घेऊन गावोगाव फिरणार आहे. त्यातल्या एकीत अशीच पाठमोरी मुलगी आहे. शेवटी ती वळते आणि चेहरा अगदी नितळ असतो. भीती त्याचीच. मला तुम्हीच हव्यात. जा, तोंड धुऊन या, एकदा चेहरा बघतो. माझी गाडी आहे पाचची.”

सभागृहाच्या मागे नळ होता. मला सगळं ठाऊक होतं. तरी मी गेले. साबणाची वडी होती, ती घेतली आणि घासायला लागले. आधी हळू, मग जोरात, मग नखांनी. मी काय समजत होते मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांचं कोड त्या दिवशी त्या नळाखाली जाईल असं काही मला वाटत नव्हतं. पण हात थांबत नव्हते. मागून आई आली.

“काय घासायलीस एवढं? रक्त काढतीस का?”

“त्या सरांनी तोंड धुऊन ये म्हणलंय.”

शेवट बदलल्याचा आईने विषय काढला नाही. तिने नळ बंद केला आणि पदर पुढे केला. मी तोंड पुसलं. गाल चुरचुरत होता.

आम्ही दोघी पुढच्या बाजूला आलो. ते परीक्षक आमच्या सरांशी बोलत गाडीजवळ उभे होते. दार उघडं होतं, एक पाय आत. माझी चाहूल लागली तसे वळले आणि हसून म्हणाले, “अरे, अजून नाही धुतलं? चला चला, उशीर होतोय.”

“धुतलं सर,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. मग माझ्या सरांकडे, पण सर गाडीच्या टायरकडे बघत होते. परीक्षकांच्या लक्षात आलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांचा चेहरा अगदी कानकोंडा झाला. “अच्छा,” म्हणाले. “अच्छा. काम मात्र फार छान केलंत हं.” मग त्यांनी घड्याळ बघितलं, गाडीत बसले, काच खाली केली आणि माझ्या डोक्यावरून सरांना विचारलं, “साधारण हिच्याच उंचीची दुसरी कुणी आहे का तुमच्याकडे? ते हात थांबवायचं हिच्याकडून शिकून घेईल अशी?”

सर म्हणाले, “हाय ना. दोघी-तिघी हायत.”