डाव्या चाकाकडचा ठोका

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी जिंतूरच्या अलीकडच्या एका गावात मालकांची मोटार चालवीत होतो. त्याआधी तीन वर्षं परभणीत एका मिस्त्रीच्या हाताखाली काढली होती. तेवढ्यावर गावातले लोक मला उस्ताद म्हणू लागले. ते मला आवडायचं, हे आज कबूल करतो.

त्या उन्हाळ्यात गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूनं आवाज यायला लागला. चाक खड्ड्यात गेलं की खडखड, आणि वळण घेताना टक् असा वेगळाच ठोका. मी गाडी उचलून खाली शिरलो, तर कमानीतला, म्हणजे स्प्रिंगमधला, एक पाटा मोडलेला. लढाईमुळे नवे भाग मिळत नव्हते, म्हणून लोहाराकडून पाटा घडवून बसवला. खडखड थांबली. ठोका राहिला, पण बारीक.

मालक म्हणाले, "परभणीला मिस्त्रीला दाखवून यावं का?"

"कशाला, मालक? पाटाच होता. आता काई न्हाई."

नवा पाटा बसायला वेळ लागतो, असं मी स्वतःला समजावलं. मिस्त्रीकडे गेलो तर माझी चूक निघेल, ही भीती त्याच्या खाली होती. आठ दिवस मी तो ठोका ऐकत होतो आणि वळण आलं की मालकांना तो ऐकू जाऊ नये म्हणून मोठ्यानं हॉर्न वाजवत होतो.

नवव्या दिवशी सकाळी मालकीणबाईंच्या पोटात दुखायला लागलं. आठवाच महिना होता. सुईण बाहेर आली ती घाबरलेली. "माझ्या हातातलं न्हाई हे, मालक. परभणीच्या दवाखान्यात न्या. बैलगाडीनं दिवस जाईल, मोटार काढा."

मी मोटार दारापुढं आणली. वळवताना ठोका आला. या वेळी तो माझ्या तळहाताला स्टेरिंगच्या चाकातून लागला. मी उतरलो.

"मालक, जरा माझ्या जागेवर बसा. स्टेरिंग डावीकडं-उजवीकडं हलवत ऱ्हा."

"आता? ती आत तळमळायलीय अन् तू..."

"दोनच मिनिटं, मालक."

ते बसले. मी खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. कमान गप्प होती. चाकाला ओढणाऱ्या दांड्याच्या टोकाशी हात आला आणि बोटांना धक्का बसला. तिथं पोलादी गोळा एका वाटीत फिरतो. वाटीचं झाकण धरणारी खिट्टी तुटून गेली होती, झाकण ढिलं झालं होतं. गोळा झिजून अंड्यासारखा लांबट झाला होता. सारा आवाज तिथूनच येत होता, पहिल्या दिवसापासून.

झाकण आवळलं, खिट्टीच्या जागी तार पिळून घातली. मालकांना म्हणालो, "हळू न्यावी लागंल. जोरात नेली तर चाक हातात ऱ्हाणार न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चल," एवढंच म्हणाले.

मालकीणबाई मागं सुईणीच्या मांडीवर डोकं ठेवून होत्या. वाटेतली बोरी गेली, झरी गेली. दर अर्ध्या कोसावर मी उतरून तार बघत होतो, आणि दर वेळी मागून त्यांचा आवाज येत होता, "थांबू नको रे, बाबा." झरीच्या पुढं एका वळणावर तार तुटली. स्टेरिंग हातात मोकळं फिरलं आणि गाडी सावकाश रस्त्याखाली उतरून बांधाला टेकली. कुणाला लागलं नाही. पण गाडी पुढं जाणार नव्हती.

शेतातली एक बैलगाडी मालकांनी थांबवली. गवताच्या पेंढ्या खाली टाकून मालकीणबाईंना तिच्यात निजवलं. मी पुढं चालत खड्डे दाखवत गेलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मुलगी मेलेली जन्मली. मालकीणबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी मूल वाचलं असतं असं सांगता येत नाही.

मालक व्हरांड्यात बसले होते. मी जाऊन उभा राहिलो.

"मालक, तो आवाज आठ दिवस होता. मला ऐकू यायचा. मी तुमाला सांगितलं न्हाई."

ते म्हणाले, "हे घरात कुणाला सांगू नको. तिला तर न्हाईच."

मला वाटलं होतं, मारतील, हाकलून देतील. तसं काही झालं नाही. गाडी परभणीत नीट झाली, मी ती गावी आणली आणि पुढं दीड वर्ष चालवली. मालक मागं बसायचे आणि रस्ताभर बोलायचे नाहीत. मालकीणबाई त्या मोटारीत पुन्हा बसल्या नाहीत. माहेरी जाताना त्या बैलगाडी जोडायला सांगायच्या आणि दारात मी उभा असलो तर विचारायच्या, "जेवलास का?" मी हो म्हणायचो. त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मला कधीच कळलं नाही.